जिमी हिल यांच्या वाटेने : फुलहॅम ते कॉव्हेंट्री

फुटबॉलच्या कुठल्याही लीगचा गुणतक्ता उघडा. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. पूर्वी जिंकल्यावर दोनच गुण मिळायचे हे आजच्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. इंग्लंडमध्ये तीन गुणांचा नियम १९८१-८२ च्या हंगामात आला, विश्वचषकात यायला १९९४ उजाडलं. हा नियम ज्यांनी लावून धरला ते जिमी हिल. जन्म १९२८ मध्ये दक्षिण लंडनमधल्या बालहॅमचा, निधन १९ डिसेंबर २०१५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी. आधी खेळाडू, मग खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष, मग प्रशिक्षक, मग टीव्हीवरचे निवेदक आणि विश्लेषक, मधूनच क्लबचे चेअरमन.

टीव्हीवर फुटबॉलबद्दल बोलणारी माणसं मी लहानपणापासून जीव लावून ऐकत आलोय. सामना संपला तरी टीव्ही बंद करू न देणारा मी घरातला एकटाच. या बोलण्याची सुरुवात कुणी केली हे शोधताना दरवेळी हिल यांचंच नाव समोर यायचं. त्यांचं आयुष्य जिथं घडलं त्या जागा एकदा पायी फिरून बघायच्या असं मनात होतं. भाची वॉरिक विद्यापीठात शिकायला गेली आणि ते विद्यापीठ नाव वॉरिकचं लावत असलं तरी वसलंय कॉव्हेंट्रीच्या कडेला, हे कळल्यावर मग थांबवेना.

गुरुवार : फुलहॅम

पटनी ब्रिज स्टेशनला उतरलो तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. फुलहॅम क्लबच्या मैदानाला, म्हणजे क्रेव्हन कॉटेजला जायचा सगळ्यात सुंदर रस्ता बिशप्स पार्कमधून जातो. डाव्या हाताला थेम्स, डोक्यावर प्लेन वृक्षांच्या फांद्या, पायाखाली ओली तांबूस पानं. नदीला ओहोटी होती, काठचा चिखल उघडा पडला होता आणि त्यात बदकं चोची खुपसत होती. वीसेक मिनिटं चाललं की झाडांमधून स्टेडियमचे दिव्यांचे खांब दिसतात.

स्टीव्हनेज रोडच्या बाजूची लाल विटांची भिंत १९०५ ची, आर्चिबाल्ड लीच या स्थापत्यकाराची. समोर घरांची रांग, पडदे लावलेल्या खिडक्या, दारात सायकली. एवढं मोठं मैदान एका शांत गल्लीत असं मुरून बसलंय की नवखा माणूस सरळ पुढं निघून जाईल. दाराबाहेर फुलहॅमचे गाजलेले खेळाडू जॉनी हेन्स यांचा पुतळा आहे, चेंडूवर पाय ठेवून उभा असलेला.

मी आधीच स्टेडियम टूर घेतली होती. आम्हाला फिरवणारे आजोबा सत्तरी ओलांडलेले, गळ्यात काळा-पांढरा मफलर. वडिलांचा हात धरून पहिल्यांदा इथं आले तेव्हा हिल खेळत होते म्हणाले. मी हिल यांच्यासाठी आलोय म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि बाकीच्यांना पुढं जाऊ देऊन मला जॉनी हेन्स स्टँडच्या वरच्या बाजूला घेऊन गेले. तिथं अजून जुन्या लाकडी खुर्च्या आहेत. बिडाचा सांगाडा, त्यावर घडीची लाकडी फळी. बसायच्या जागी रंग उडून लाकूड गुळगुळीत झालेलं, कडेला मात्र रंगाचे थरावर थर. त्यांनी फळी खाली केली, रुमालानं पुसली आणि म्हणाले, "बसा. इथून त्यांची धाव बघायला हवी होती. देखणी नव्हती, पण थांबायची नाही."

हिल १९५२ मध्ये ब्रेंटफर्डहून फुलहॅमला आले आणि १९६१ पर्यंत इथंच खेळले. १९५८ मध्ये डॉनकास्टरच्या मैदानावर त्यांनी एकाच सामन्यात पाच गोल मारले. त्याच हंगामात फुलहॅम एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला होता. तरी हेन्स यांच्यासारखे ते जादूगार खेळाडू नव्हते, हे आजोबांनीही मोकळेपणानं मान्य केलं. त्यांचं मोठेपण मैदानाबाहेरच्या लढाईत दिसलं.

त्या काळी इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. १९६१ च्या सुरुवातीला ती आठवड्याला २० पौंड होती. कितीही मोठा खेळाडू असो, मैदानात हजारो माणसं पैसे मोजून येवोत, खेळाडूच्या हातात २० च्या वर काही पडायचं नाही. हिल १९५७ मध्ये खेळाडूंच्या युनियनचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी तिचं नाव 'प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन' असं करून घेतलं. सचिव क्लिफ लॉइड यांच्यासोबत त्यांनी गावोगावी बैठका घेतल्या, खेळाडूंना संपासाठी तयार केलं. जानेवारी १९६१ मध्ये संप अगदी तोंडावर आला आणि लीगनं माघार घेतली. मर्यादा गेली. फुलहॅमचे चेअरमन टॉमी ट्रिंडर यांनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड दिले, आणि इंग्लंडमध्ये तेवढा पगार घेणारा तो पहिला फुटबॉलपटू ठरला. हिल यांचा खेळ मात्र त्याच वर्षी गुडघ्याच्या दुखापतीनं थांबला. ज्या पैशासाठी ते भांडले तो त्यांच्या खिशात जवळपास आलाच नाही. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर इथं वाटतो.

मैदानाच्या कोपऱ्यातलं ते छोटं घर, म्हणजे ज्यावरून मैदान ओळखलं जातं ते कॉटेज, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्यांसह अजून वापरात आहे. बाल्कनीतून आजोबांनी नदीकडं बोट दाखवलं. १९८७ मध्ये फुलहॅम क्लब क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये विलीन करून ही जागा बांधकामाला द्यायचा घाट घातला होता. तेव्हा हिल काही मंडळींना घेऊन पुढं आले आणि चेअरमन झाले. "ते नसते तर तुम्ही आत्ता कुणाच्या तरी दिवाणखान्यात उभे असता," आजोबा म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी : टूर रोज नसते, क्लबच्या संकेतस्थळावर तारीख बघूनच जा. भुयारी रेल्वेच्या प्रवासासाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही, बँकेचं संपर्करहित कार्ड ट्यूबच्या गेटला टेकवलं की झालं. परतताना फुलहॅम पॅलेसची बाग जरूर बघा. भूक लागली तर स्टेशनजवळच्या साध्या कॅफेत जॅकेट पोटॅटो घ्या. भाजलेला मोठा बटाटा मधोमध चिरून त्यात चीज आणि बीन्स. भिजून आल्यावर यापेक्षा चांगलं काही नाही.

शुक्रवार : हायबरी, आणि संध्याकाळी कॉव्हेंट्री

आर्सेनल स्टेशनच्या फलाटावर भिंतीच्या टाइल्समध्ये अजून 'गिलेस्पी रोड' हे जुनं नाव वाचता येतं. बाहेर पडलं की गल्लीत पाच मिनिटांवर हायबरी. आर्सेनलचं हे मैदान २००६ मध्ये बंद झालं आणि तिथं घरं झाली. पूर्वेकडची आर्ट डेको दर्शनी भिंत तशीच जपली आहे, पांढरीशुभ्र, वर लाल अक्षरं. जिथं हिरवळ होती तिथं रहिवाशांची बाग आहे.

इथं यायचं कारण १६ सप्टेंबर १९७२ चा आर्सेनल-लिव्हरपूल सामना. खेळ चालू असताना एका लाइन्समनचा स्नायू दुखावला. सामना थांबायची पाळी आली. लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, कुणी प्रशिक्षित पंच हजर आहे का? मैदानात असलेल्या हिल यांच्याकडं पंचाची पात्रता होती. तोवर ते टीव्हीवरचे नामवंत झाले होते. लंडन वीकएंड टेलिव्हिजनच्या क्रीडा विभागाचे प्रमुख होते, आणि त्यांचा चेहरा, विशेषतः ती लांब हनुवटी, देशभर ओळखीची होती. ते खाली उतरले, ट्रॅकसूट चढवला, झेंडा हातात घेतला आणि बाजूरेषेवर पळायला लागले.

हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. नियमांवर बोलायचं तर नियमांची परीक्षा दिलेली असावी, हा हट्ट. आज कितीजण तेवढी तयारी करून कॅमेऱ्यासमोर बसतात?

टीव्हीवर त्यांनी नेमकं काय केलं ते इथंच सांगतो. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात आयटीव्हीच्या लंडनमधल्या स्टुडिओत एक मंडळ बसलं. ब्रायन मूर सूत्रधार, आणि माल्कम ॲलिसन, पॅडी क्रेरंड, डेरेक डूगन, बॉब मॅकनॅब हे तज्ज्ञ. हिल यांनी ही मंडळी मुद्दाम अशी निवडली होती की ती एकमेकांशी सहमत होणार नाहीत. तोवर स्टुडिओतलं बोलणं म्हणजे मोजूनमापून, टाय सावरून. इथं ते हातवारे करून भांडायला लागले आणि लोक सामन्याइतकंच त्या भांडणासाठी टीव्हीपुढं बसायला लागले. आज जगातल्या प्रत्येक क्रीडावाहिनीवर मध्यंतराला जे टेबल मांडतात त्याची ही सुरुवात. १९७३ मध्ये हिल बीबीसीत गेले आणि 'मॅच ऑफ द डे' या फुटबॉल सामन्यांच्या कार्यक्रमाचा मुख्य चेहरा झाले. गोल पुन्हा संथ गतीनं दाखवून, चित्र थांबवून, बचावपटू कुठं उभा राहायला हवा होता हे ते बोटानं दाखवायचे. सामान्य प्रेक्षकाला खेळाची बांधणी कळू शकते, फक्त कुणीतरी नीट दाखवायला हवी, हा त्यांचा विश्वास होता.

दुपारी युस्टनहून गाडी धरली. जलद गाडी तासाभरात कॉव्हेंट्रीला पोचवते. वेळ असेल तर लंडन नॉर्थवेस्टर्नची संथ गाडी घ्या, बरीच स्वस्त पडते.

स्टेशनवर भाची उभी होती. मला बघताच म्हणाली, "मामा, एवढंच जॅकेट? उद्या स्टेडियमवर वारा कापून काढतो, माझा मफलर घे." संध्याकाळी ब्रॉडगेटला गावच्या दंतकथेतल्या लेडी गोडायव्हाच्या घोड्यावरच्या पुतळ्याला प्रदक्षिणा घालून आम्ही फोल्सहिल रोडला जेवायला गेलो. हा रस्ता म्हणजे गुजराती मिठाया, पंजाबी ढाबे, साड्यांची दुकानं, मध्येच पोलिश किराणा.

शेजारच्या टेबलावर एक शीख आजोबा एकटेच मक्याची रोटी खात बसले होते. फेटा आकाशी निळा, कॉव्हेंट्री सिटी क्लबच्या रंगाचा. भाचीनं हळूच विचारलं, "अंकलजी, उद्या मॅचला?" आणि पुढचे दोन तास आम्ही जागचे हललो नाही. ते १९६५ मध्ये पंजाबातून इथं आले आणि मोटारींच्या कारखान्यात लागले. कारखान्यात सोबतचे गोरे कामगार शनिवारी त्यांना क्लबच्या तेव्हाच्या मैदानावर, हायफील्ड रोडला घेऊन गेले. "काम करताना कुणी फार बोलायचं नाही बेटा," ते म्हणाले, "पण स्टँडमध्ये गोल झाला की जो शेजारी असेल तो मिठी मारायचा."

२९ एप्रिल १९६७ चा वुल्व्ह्जविरुद्धचा सामना त्यांनी पाहिला होता. दोन्ही संघ दुसऱ्या विभागातून वर जायच्या शर्यतीत. अधिकृत आकडा ५१,४५५, हायफील्ड रोडचा विक्रम, जो कधीच मोडला नाही. लोक स्टँडच्या छपरांवर आणि दिव्यांच्या खांबांवर चढले होते. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या अंतिम सामन्याला जसं भिंतीवरही बूड टेकायला जागा मिळत नाही, तसं चित्र डोळ्यापुढं आलं. गोल झाला की पोरं मैदानात घुसायची. शेवटी कॉव्हेंट्रीचे तेव्हाचे प्रशिक्षक हिल यांनी स्वतः माइक हातात घेतला आणि सांगितलं, मैदान मोकळं करा, नाहीतर सामना रद्द होईल. "आणि लोकांनी ऐकलं," आजोबा म्हणाले. "पोलिसांचं ऐकलं नसतं. त्याचं ऐकलं." कॉव्हेंट्री ३-१ नं जिंकली, त्या हंगामात दुसऱ्या विभागाचं विजेतेपदही मिळवलं. त्यानंतर प्रथम विभागातला हंगाम सुरू होताना हिल प्रशिक्षकपद सोडून टीव्हीकडं वळले. आजोबांना ते अजून पटलेलं नाही.

शनिवार : सामन्याचा दिवस

वारा खरोखरच कापून काढणारा. कॉव्हेंट्री स्टेशनहून न्युनिटनकडं जाणारी गाडी घेतली की दहा मिनिटांत कॉव्हेंट्री अरिना स्टेशन. डबे थोडे, गर्दी प्रचंड, म्हणून लवकर निघा. सामना संपल्यावर लगेच गाडीत चढायला मिळेल अशी आशा धरू नका. अर्धा तास स्टेडियमभोवती रेंगाळणं बरं. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीव्हीसाठी सामन्याचा दिवस आणि वेळ ऐनवेळी बदलते. ती नक्की झाल्याशिवाय परत न करता येणारी रेल्वेची तिकिटं काढू नका.

स्टेडियमबाहेर जिमी हिल यांचा ब्राँझचा पुतळा आहे. सुमारे सात फुटांचा. समर्थकांनी पैसे गोळा करून उभारला, जुलै २०११ मध्ये हिल स्वतः अनावरणाला आले होते. तेव्हा त्यांना अल्झायमर होऊन काही वर्षं झाली होती. हातावर पोट असणाऱ्या माणसांनी पावत्या फाडून उभारलेला पुतळा आणि एखाद्या कंपनीनं बसवलेला पुतळा यांत फरक असतो. इथं लोक त्याला हात लावून पुढं जातात. एक तरुण बाप चारेक वर्षांच्या मुलीला उचलून पुतळ्याच्या हनुवटीपर्यंत नेत होता. ब्राँझवर पावसाचे थेंब साचले होते, ते तिनं तळव्यानं पुसले आणि हात बापाच्या गालाला लावला. बाप ओरडला, ती खदाखदा हसली.

आत गेल्यावर मी भाचीला एकेक गोष्ट दाखवत होतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये हिल इथं आले तेव्हा कॉव्हेंट्री सिटी तिसऱ्या विभागात होती आणि एफए कपमध्ये किंग्ज लिन या लीगबाहेरच्या संघाकडून घरच्या मैदानावर हरलेली. चेअरमन डेरिक रॉबिन्स यांनी ३३ वर्षांच्या या माणसावर क्लब सोपवला. १९६२ मध्ये संघाचा सगळा पोशाख आकाशी निळा झाला. बाहेरगावच्या सामन्यांना समर्थकांसाठी 'स्काय ब्लू एक्स्प्रेस' रेल्वेगाडी सोडली. सामन्याआधी मैदानावर स्वतःचं रेडिओ प्रसारण, इलेक्ट्रॉनिक गुणफलक, वाचण्यासारखं कार्यक्रमपत्रक. ऑक्टोबर १९६५ मध्ये कार्डिफला चाललेला सामना क्लोज्ड सर्किट टीव्हीवरून हायफील्ड रोडच्या मोठ्या पडद्यांवर दाखवला, आणि रिकाम्या मैदानासमोर दहा हजारांहून जास्त लोक तो बघायला जमले! प्रेक्षक लवकर यावा, रमावा, कुटुंबाला घेऊन यावा, हे सगळं त्यांनी साठ वर्षांपूर्वी मांडून ठेवलं. १९६४ मध्ये तिसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळालं.

संघ मैदानात यायच्या आधी क्लबचं गाणं सुरू झालं. ईटनच्या नौकागीताच्या चालीवर हे शब्द बसवले ते हिल आणि त्यांचे सहकारी जॉन कॅमकिन यांनी. म्हणजे धनाढ्यांच्या शाळेतल्या पोरांची चाल उचलून मोटारकामगारांच्या गावाला दिली. माझ्या पुढच्या रांगेत नळी लावलेले, प्राणवायूचं छोटं सिलेंडर पायाशी ठेवलेले एक गृहस्थ होते. ते उभे राहिले, आवाज निघत नव्हता तरी ओठ हलत होते. हजारो आवाज त्या चालीवर डोलत होते. मला शब्द पाठ होते, पण गळा दाटून आल्यानं दुसऱ्या ओळीच्या पुढं गाता आलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही संघ विजयासाठी अक्षरशः तुटून पडले होते, कारण एक गुण आणि तीन गुण यांत आता जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोन गुणांच्या काळात बरोबरी म्हणजे विजयाचा अर्धा वाटा. बाहेरच्या मैदानावर संघ बरोबरी राखत वेळ काढायचे. नियम एका आकड्यानं बदलला आणि शेवटची दहा मिनिटं बदलली.

मध्यंतराला चिकन बाल्टी पाय खाल्ला. बर्मिंगहॅमच्या बाल्टी रश्श्यातलं चिकन, वर मैद्याचं कवच, हातात धरून खायचं. तिखट म्हणतात पण आपल्या जिभेला सौम्य. थंडीत ऊब म्हणून उत्तम.

रविवार : हायफील्ड रोड आणि कॅथीड्रल

सकाळी स्वच्छ ऊन. गावातून गॉस्फर्ड ग्रीनपर्यंत चालत गेलो. या हिरवळीवर १३९८ मध्ये दोन सरदारांचं द्वंद्वयुद्ध ठरलं होतं आणि राजा दुसरा रिचर्ड यानं ते ऐनवेळी थांबवलं. तिथून जवळच हायफील्ड रोड होतं. क्लबनं २००५ मध्ये ते सोडलं, आता सिग्नेट स्क्वेअर नावाची वसाहत आहे. मधे गवताचा चौकोन मोकळा ठेवलाय. तीन मुलं तिथं चेंडू खेळत होती, गोलाचा खांब म्हणून दप्तर.

इथंच १९८१ मध्ये, चेअरमन म्हणून क्लबमध्ये परतलेल्या हिल यांनी इंग्लंडमधलं पहिलं संपूर्ण खुर्च्यांचं स्टेडियम केलं. उभं राहून सामना बघायच्या जागा काढून टाकल्या. समर्थक भयंकर चिडले, पाहुण्या टोळक्यांनी खुर्च्या उपटून फेकल्या आणि काही वर्षांत एका भागात पुन्हा उभं राहायची सोय करावी लागली. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे समर्थक गेले. त्यानंतर चौकशीच्या टेलर अहवालानं वरच्या विभागांत सगळीकडं खुर्च्या सक्तीच्या केल्या. हिल यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं असं मला वाटतं. उभं राहून बघण्याची मजा मलाही कळते, तरीही.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. १९८२ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरचा बहिष्कार मोडून त्यांनी तिकडं फुटबॉलपटूंचा संघ नेला. दौरा अर्ध्यात कोसळला, आणि कोसळला तेच बरं झालं. खेळाडूच्या हक्कासाठी लढलेल्या माणसाला समोरच्या देशात कुणाचे हक्क तुडवले जातायत हे दिसू नये, याचं मला दुःख होतं.

दुपारी कॅथीड्रल. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जुनं कॅथीड्रल जळालं. भिंती आणि मनोरा उरला. छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ दिसतं, आणि जळक्या तुळयांचा क्रॉस. शेजारीच बेसिल स्पेन्स यांनी बांधलेलं नवं कॅथीड्रल, मे १९६२ मध्ये पवित्र केलेलं. तारखा शेजारी ठेवून बघा. हिल आले नोव्हेंबर १९६१ मध्ये, आकाशी रंग आला १९६२ मध्ये. एक गाव स्वतःला नव्यानं बांधत होतं, त्यात दगडाचं काम स्पेन्स यांच्याकडं आणि शनिवार दुपारचं काम हिल यांच्याकडं आलं. जानेवारी २०१६ मध्ये हिल यांच्या आयुष्याच्या गौरवाची सभा याच कॅथीड्रलमध्ये झाली. चित्रकार जॉन पायपर यांच्या रंगीत काचांमधून पिवळा प्रकाश दगडी जमिनीवर पडला होता. भाची म्हणाली, "मामा, फुटबॉलवाल्याला इथं निरोप?" मी म्हटलं, "या गावाला दुसरी जागा शोभली नसती."

अवशेष बघायला तिकीट नाही. नव्या इमारतीत रविवारी प्रार्थनेच्या वेळा असतात, त्या बघून जा आणि निवांत दोन तास ठेवा.

संध्याकाळच्या लंडनच्या गाडीत माझ्या गळ्यात कालच घेतलेला आकाशी मफलर. समोर पन्नाशीचा माणूस बसला होता. मफलर बघून त्यानं विचारलं, कॉव्हेंट्री? मी हिल यांच्यासाठी आलो होतो सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. तो संडरलंडचा निघाला.

१९ मे १९७७. हंगामाचा शेवटचा दिवस, कॉव्हेंट्री, ब्रिस्टल सिटी आणि संडरलंड या तिघांपैकी एकजण खालच्या विभागात जाणार. हायफील्ड रोडला गर्दीमुळं कॉव्हेंट्री-ब्रिस्टल सामना काही मिनिटं उशिरा सुरू झाला. इकडं २-२ अशी बरोबरी असताना तिकडं संडरलंड एव्हर्टनकडून हरल्याची बातमी आली. क्लबची सूत्रं तेव्हा पुन्हा हिल यांच्याकडं होती. तो निकाल त्यांनी मैदानावर जाहीर करायला लावला. बरोबरीत दोघंही वाचतात हे कळल्यावर उरलेली मिनिटं दोन्ही संघांनी चेंडू नुसता इकडून तिकडं ढकलला. संडरलंड खाली गेलं. चौकशी झाली, क्लबला ताकीद मिळाली, निकाल तसाच राहिला.

"माझे वडील मरेपर्यंत 'मॅच ऑफ द डे' लागलं की खोलीतून उठून जायचे," तो म्हणाला. "आणि दाराआडून ऐकायचे."

मी म्हटलं, निकाल जाहीर करणं चूकच होतं. पण त्या दिवशी विजयाला तीन गुण असते तर शेवटची मिनिटं दोन्ही संघ तसे खेळले असते का? त्यानं हिशेब मांडायला कागद मागितला. माझ्याकडं सामन्याचं कार्यक्रमपत्रक होतं, त्याच्या मागच्या पानावर त्यानं तिन्ही संघांचे गुण लिहायला घेतले. खाली जायची भीती डोक्यावर असेल तर तीन गुणांनीही काही फरक पडला नसता, असं त्याचं म्हणणं. त्याचा मुद्दा बिनतोड आहे हे मला मान्य करावं लागलं. मग तो १९६१ च्या संपाबद्दल विचारायला लागला, कारण त्याचे वडील गोदीत युनियनचं काम करायचे आणि ती गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. मिल्टन कीन्स गेलं, वॉटफर्ड गेलं, मी सांगत होतो आणि तो मधूनमधून "हे केलं होय त्यानं?" असं विचारत होता.